पाऊल आणि टिपरी : ड्रम कोरमधील केडन्सविषयी

ड्रम कोरची चर्चा करताना तालवादकांच्या हातांचे कौतुक पुष्कळ होते. पायांचा उल्लेख येतो तो संचलनाच्या शिस्तीपुरता. ही विभागणी आम्हांस सदोष वाटते. पाऊल हा या तालरचनेचाच घटक होय, आणि तो वगळून केलेले रसग्रहण अपुरेच राहते.

पितळी वाद्ये, तालवाद्ये व ध्वजधारी यांची ही अमेरिकन पथके. ड्रम कोर इंटरनॅशनल या संस्थेची पहिली अजिंक्यपद स्पर्धा १९७२ साली विस्कॉन्सिनमधील व्हाइटवॉटर येथे झाली. पितळी वाद्ये मूक असताना केवळ ढोलांवर वाजविल्या जाणाऱ्या चालत्या रचनेस केडन्स म्हणतात. सर्वांची पावले एकत्र पडावीत, एवढेच तिचे मूळ प्रयोजन. परंतु रचना जसजशी गहन झाली तसतसा हा संबंध उलटला. जिने पावलांना आधार द्यावयाचा, तीच पावलांचा आधार मागू लागली.

सात मात्रांचे आवर्तन घ्यावे आणि दर दोन मात्रांस एक पाऊल धरावे. साडेतीन पावलांत आवर्तन संपते. पहिली सम डाव्या पावलावर पडली, तर दुसरी दोन पावलांमधील पोकळीत, तिसरी उजव्या पावलावर, चौथी पुन्हा पोकळीत. पाचव्या आवर्तनाच्या आरंभी डावे पाऊल समेवर परत येते. हात सातांत मोजतो, पाय दोहोंत. वृत्ताचा साचा मनात चालू नसेल तर यतिभंग जाणवतच नाही. तद्वत पाऊल डळमळले की या रचनेतील सारे वैचित्र्य नाहीसे होऊन नुसता गोंगाट उरतो.

बेस ड्रमच्या ओळीत तर हे फारच स्पष्ट दिसते. तेथे बहुधा पाच वादक असतात, व प्रत्येकाजवळ निराळ्या स्वराचा एकच ढोल. एक पदबंध पाचांत वाटला जातो. एकेकाच्या वाट्यास एखाददुसरा आघात येतो. जणू एकच शब्द पाच मुखांनी, प्रत्येकाने एक अक्षर म्हणून, उच्चारावयाचा! मिनिटास १८० पावले आणि पावलागणिक चार आघात धरले, तर सेकंदास १२ आघात होतात. शेजाऱ्याचे ऐकून मग आपले वाजवू म्हणणारा उशीरच करणार. पाचांना समान असते ते पाऊल. शिवाय मैदानाची १०० यार्ड लांबी ओलांडण्यास ध्वनीला पाव सेकंदाहून किंचित अधिक काळ लागतो. या गतीत तो पाऊण पावलाहून जास्त होतो. म्हणूनच ड्रम मेजर पुष्कळदा कानांवर न विसंबता तालवादकांच्या पायांकडे पाहून इशारे देतो.

या कसोटीने कित्येक केडन्सविषयी आमचे मत प्रतिकूल होते. त्यांत आघातांची इतकी दाटी असते की पाऊल असले काय नि नसले काय, सारखेच. एका जागी उभे राहून वाजविल्याने ज्या रचनेचे काहीच उणे होत नाही, तिला हस्तकौशल्याचा पाठ म्हणावे. केडन्स म्हणू नये.

भाषाभ्यासकाला येथे आणखी एक गोष्ट लक्षणीय वाटेल. 'पॅराडिडल' या नावातील चार अक्षरे म्हणजे चार आघात, आणि अखेरची दोन एकाच हाताची. तबल्याच्या बोलाप्रमाणे येथे नाव व वादन जवळजवळ एकरूप आहे. हातांना असे बोल आहेत. पायाला 'डट' हे एकच अक्षर मिळाले आहे. टिपऱ्या थांबतात त्या विरामात वादक ते पावलाबरोबर उच्चारतात, आणि एरवी हातांखाली झाकलेला साचा तेवढ्यापुरता उघड ऐकू येतो.