तिसरा दिवस आणि चौदावी तिथी : ख्रिस्ताच्या मरण-पुनरुत्थानाच्या कालनिर्णयाची चिकित्सा

ख्रिस्ती परंपरा येशूच्या वधस्तंभावरील मरणाचे स्मरण शुक्रवारी करते व पुनरुत्थानाचे रविवारी. शुभवर्तमानांत सांगितलेल्या प्रहरांचा हिशेब धरला तर शुक्रवारच्या तिसऱ्या प्रहरापासून रविवारच्या पहाटेपर्यंत चाळीस ताससुद्धा भरत नाहीत. उलटपक्षी मत्तयाच्या बाराव्या अध्यायातील चाळिसाव्या वचनात योना संदेष्ट्याचा दाखला देऊन मनुष्याचा पुत्र तीन दिवस आणि तीन रात्री पृथ्वीच्या पोटात राहील, असे येशूच्या तोंडी घातलेले आढळते. या दोहोंचा मेळ कसा घालावयाचा, हा प्रश्न जुना आहे. त्याच्या उत्तरादाखल कोणी मरण गुरुवारी झाले असे मानले, तर कोणी बुधवारी. गुरुवारचा पुरस्कार करणारांत ब्रूक फॉस वेस्टकॉट यांच्यासारखा श्रेष्ठ ग्रीक पाठचिकित्सकही होता, हे लक्षात घेतले म्हणजे हा वाद केवळ हौशी लोकांचा नव्हे हे उघड होते.

याच्या जोडीला दुसरा एक वाद चालत आला आहे. येशूचे मरण यहुद्यांच्या निसान महिन्याच्या चौदाव्या तिथीस झाले की पंधराव्या? मत्तय, मार्क व लूक यांच्या कथनाप्रमाणे शेवटचे भोजन हेच वल्हांडणाचे भोजन होते. योहानाच्या कथनाप्रमाणे वल्हांडणाचे भोजन व्हावयाच्या आधीच येशू मरण पावला होता. हे दोन प्रश्न बहुतेक लेखक एकाच दमात सोडवू पाहतात, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते घोटाळ्याचे मूळ येथेच आहे. पहिला प्रश्न भाषेचा आहे; तो सुटतो. दुसरा प्रश्न साक्षीदारांच्या मतभेदाचा आहे. तो भाषेच्या ज्ञानाने सुटत नाही, आणि पंचांगाच्या कसरतीने तर नाहीच नाही.

प्रथम वाराचा प्रश्न घेऊ. येशूने आपल्या मरणाविषयी केलेली भाकिते मार्क ‘तीन दिवसांनंतर’ अशा शब्दांत देतो. तीच भाकिते मत्तय व लूक ‘तिसऱ्या दिवशी’ असे म्हणून देतात. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात पौल आपल्याला परंपरेने मिळालेले वचन म्हणून जे सांगतो, त्यातही ‘तिसऱ्या दिवशी’ हेच शब्द आहेत. आधुनिक वाचकाला हे दोन शब्दप्रयोग परस्परविरोधी वाटतात. त्या काळच्या वाचकाला तसे वाटत नव्हते, याचा पुरावा खुद्द मत्तयातच आहे. सत्ताविसाव्या अध्यायाच्या शेवटी याजक व परूशी पिलाताकडे जाऊन सांगतात की, तीन दिवसांनंतर मी उठेन असे तो म्हणाला होता. आणि त्याच श्वासात मागणी करतात ती तिसऱ्या दिवसापर्यंत कबरेचा बंदोबस्त करण्याची. ‘तीन दिवसांनंतर’ म्हणजे पुरते तीन दिवस उलटल्यावर, असा त्यांचा समज असता तर त्यांनी पहारा नेमका नको त्या वेळी उठवला असता!

जुन्या करारातही हाच प्रकार आहे. इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकात राजा रहबाम लोकांना तीन दिवसांनंतर या असे सांगतो, आणि लोक येतात ते तिसऱ्या दिवशी. कोणी चुकीच्या दिवशी आल्याची तक्रार तेथे नाही. एस्तेर आपल्या लोकांना तीन दिवस, रात्री व दिवसा, उपास करावयास सांगते, आणि तिसऱ्याच दिवशी राजवस्त्रे लेऊन राजासमोर उभी राहते. म्हणजे ‘रात्र आणि दिवस’ हे शब्द स्पष्टपणे उच्चारलेले असतानाही त्यांचा अर्थ बहात्तर तास असा होत नाही. यरुशलेमी तालमुदात रब्बी एलाझार बेन अझऱ्या यांच्या नावावर एक नियम नोंदलेला आहे : दिवस व रात्र मिळून एक कालखंड होतो, आणि कालखंडाचा अंश हा पूर्ण कालखंडासारखाच मोजावा. हा नियम ख्रिस्ताच्या मरणाच्या वादासाठी बनविलेला नाही, म्हणूनच त्याची साक्ष मोलाची आहे.

मराठी वाचकाला वस्तुतः या बाबतीत फारसे समजावून सांगण्याची गरज नसावी. आपण ‘आठ दिवसांनी येतो’ असे म्हणून सात दिवसांनी येतो, आणि ‘पंधरा दिवसांनी’ म्हणून चौदाव्या दिवशी हजर होतो. मृताचा दहावा वा तेरावा मोजताना मरणाचा दिवस धरला जातो. पाच दिवसांच्या गणपतीचे विसर्जन चतुर्थीपासून पाचव्या दिवशी होते. स्थापनेची व विसर्जनाची घटका पाहून एकशेवीस तास भरले की नाही हे कोणी मोजीत नाही. योहानाच्या विसाव्या अध्यायात पुनरुत्थानाच्या रविवारनंतर ‘आठ दिवसांनी’ शिष्य पुन्हा एकत्र जमल्याचा उल्लेख आहे, तो पुढच्या रविवारचाच होय. या वचनापाशी मराठी वाचक अडखळत नाही. बुधवारवादाचा आणि गुरुवारवादाचा अलीकडचा प्रसार प्रामुख्याने इंग्रजी वाचकवर्गात झाला, याचे एक कारण त्या भाषेतील दिवस मोजण्याच्या वेगळ्या सवयीत असावे, अशी शंका येते.

बुधवारवाद्यांचे दोन मुद्दे मात्र विचारात घेतलेच पाहिजेत. मार्काप्रमाणे स्त्रियांनी सुगंधी द्रव्ये शब्बाथ संपल्यावर विकत घेतली. लूकाप्रमाणे त्यांनी ती शब्बाथापूर्वी सिद्ध केली. यावरून त्या आठवड्यात दोन शब्बाथ होते, एक सणाचा गुरुवारी व दुसरा नेहमीचा शनिवारी, आणि मधल्या शुक्रवारी खरेदी व सिद्धता दोन्ही झाली, असे अनुमान काढले जाते. शिवाय मत्तयाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायाच्या आरंभी ‘शब्बाथ’ हा शब्द ग्रीकमध्ये अनेकवचनी आहे, याकडे बोट दाखविले जाते. पैकी दुसरा मुद्दा व्याकरणाच्या पहिल्याच धक्क्याने कोसळतो. ग्रीकमध्ये हा शब्द एकाच शब्बाथाकरिताही सर्रास अनेकवचनी वापरतात. मत्तयाच्याच बाराव्या अध्यायाच्या आरंभी तो तसा आहे. पहिला मुद्दा अधिक चतुर आहे, पण तो मार्क व लूक यांचे कथन एकमेकांत गुंफून तिसरेच कथन तयार करतो, जे दोघांपैकी कोणीही लिहिलेले नाही. मार्काने तयारीचा दिवस म्हणजे शब्बाथाच्या आदला दिवस असा खुलासा स्वतःच केला आहे. ग्रीक भाषेत तयारीचा दिवस हे शुक्रवारचे नावच होऊन बसले, आणि ते आजही तसेच आहे. ‘दिदाखे’ या आरंभकालीन ख्रिस्ती नियमग्रंथातही उपासाचे दिवस सांगताना शुक्रवारचा निर्देश याच शब्दाने केला आहे.

त्याहूनही निर्णायक गोष्ट अशी की, बुधवार मानल्याने मत्तयाचे एक वचन वाचते आणि बाकीची सर्व मोडतात. अम्माऊसच्या वाटेवर रविवारी चाललेले दोन शिष्य लूकाच्या चोविसाव्या अध्यायात, या गोष्टी घडल्याला आज तिसरा दिवस आहे, अशा अर्थाचे बोलतात. बुधवारपासून रविवार कोणत्याही मोजणीने तिसरा येत नाही. गुरुवारवाद्यांची अडचण त्या मानाने कमी असली तरी तीही हीच आहे, कारण ज्या समावेशक मोजणीने भाकिते जुळतात त्या मोजणीने गुरुवारपासून रविवार चौथा होतो. आणि ज्या एका वचनासाठी हा सारा खटाटोप, ते वचन लूकाच्या अकराव्या अध्यायातील समांतर स्थळी पाहिले तर तेथे योनाचे चिन्ह आहे, पण तीन दिवस व तीन रात्री नाहीत. हे शब्द योनाच्या पुस्तकातून जसेच्या तसे घेतलेले आहेत. कबरेतील वास्तव्याची ती रोजनिशी नव्हे, शास्त्रवचनाचा तो प्रतिध्वनी आहे.

वाराच्या बाबतीत चारही शुभवर्तमाने एकमुखी आहेत. आता तिथीचा प्रश्न, आणि येथे मात्र सूर बदलावा लागतो. यहुदी दिवस सूर्यास्तापासून सूर्यास्तापर्यंत असतो. निसानच्या चौदाव्या दिवशी दुपारनंतर मंदिरात कोकरे मारली जात, आणि सूर्य मावळून पंधरावा दिवस लागला की रात्री ती खाल्ली जात. मार्काच्या चौदाव्या अध्यायात, ज्या दिवशी वल्हांडणाचे कोकरू मारीत त्या दिवशी शिष्य भोजनाची सिद्धता करतात. तेव्हा त्या रात्रीचे भोजन पंधराव्याच्या आरंभीचे, आणि दुसऱ्या दिवशीचे मरण पंधराव्याचे. योहानाच्या अठराव्या अध्यायात मात्र शुक्रवारच्या सकाळी याजक विटाळ होऊ नये म्हणून सरकारवाड्यात शिरत नाहीत, कारण त्यांना वल्हांडणाचे भोजन अजून करावयाचे आहे. म्हणजे मरण चौदाव्याचे, कोकरे मारली जात त्या दिवसाचे.

या विरोधाच्या परिहाराचा सर्वांत गाजलेला प्रयत्न फ्रेंच विदुषी आनी झोबेर यांनी १९५७ साली केला. मृत समुद्राकाठच्या कुमरान येथील हस्तलिखिते तेव्हा नुकतीच उजेडात येत होती. त्यांतून व ‘जुबिली’ या ग्रंथातून ३६४ दिवसांचे एक सौर पंचांग समजले. हे वर्ष बरोबर ५२ आठवड्यांचे असल्यामुळे प्रत्येक सण ठराविक वारीच येतो. वल्हांडणाचे भोजन नेहमी मंगळवारी रात्री. येशूने हे पंचांग पाळून मंगळवारी भोजन केले आणि अधिकृत पंचांगाप्रमाणे चौदाव्या निसानला, शुक्रवारी, तो मरण पावला, असा त्यांचा सिद्धान्त. शेवटचे भोजन मंगळवारी व अटक त्याच रात्री झाल्याचे सांगणारी तिसऱ्या शतकातील सिरियन ‘दिदास्कालिया’ची परंपरा त्यांनी आधारास घेतली. या सिद्धान्ताचा मोठा गुण असा की, एका रात्रीत कोंबलेल्या चौकशांना त्यात पुरेसा अवकाश मिळतो. तथापि येशू कुमरानचे पंचांग पाळीत होता, याला शुभवर्तमानांत तिळमात्र आधार नाही. मार्काने ज्या दिवसाचा उल्लेख केला तो कोकरे मारण्याचा दिवस आहे, आणि कोकरे मंदिरात अधिकृत पंचांगानेच मारली जात. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००७ साली आपल्या प्रवचनात या मताकडे अनुकूलतेने पाहिले होते. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात मात्र त्यांनी योहानाच्या कालक्रमास पसंती दिली.

त्याच २०११ साली कॉलिन हम्फ्रीज यांनी आणखी एक जुने पंचांग पुढे आणून भोजन बुधवारी नेले. पंचांगे वाढविण्याने साक्षीदारांचा विरोध मिटत नाही. केवळ प्रत्येक साक्षीदाराला वेगळे पंचांग मिळते.

मग दोहोंपैकी अधिक संभाव्य कोणते? योआखिम येरेमियास यांनी शेवटचे भोजन वल्हांडणाचेच होते हे दाखविण्यासाठी बारीकसारीक खुणा गोळा केल्या : भोजन रात्री झाले, यरुशलेमात झाले, जेवणारे रेलून बसले होते, शेवटी स्तोत्र गायिले गेले. या खुणांचे वजन नाकारता येत नाही. पण मार्काच्याच कथनात उलट दिशेने बोलणाऱ्या खुणाही आहेत. पुढारी सणात धरू नये असे ठरवितात, आणि कथनाप्रमाणे धरतात ते नेमके सणात. कुरेनेकर शिमोन शेतावरून येत असतो. अरिमथाईकर योसेफ त्याच दिवशी तागाचे कापड विकत घेतो. सणाच्या पवित्र दिवशी हे घडणे अवघड आहे. बाबिलोनी तालमुदातील एक उल्लेखही वधाचा दिवस वल्हांडणाच्या पूर्वसंध्येचाच देतो. योहानाने ही तिथी येशूला वल्हांडणाचे कोकरू ठरविण्यासाठी रचली, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. परंतु पौलाने योहानाच्या पुष्कळ आधी येशूला वल्हांडणाचा यज्ञ म्हटलेलेच होते. शिवाय, योहानाने दुपारचा सहावा तास दिला तो कोकरे मारण्याच्या घटकेशी जुळावा म्हणून, हे विधान पाठ्यपुस्तकांतून फिरत असले तरी कच्चे आहे. योसेफस हा इतिहासकार कोकरे नवव्या तासापासून अकराव्या तासापर्यंत मारली जात असे सांगतो. आणि योहानातील सहावा तास तर मरणाचा नसून पिलाताच्या निवाड्याचा आहे. त्यामुळे तिथीच्या बाबतीत योहानाची परंपरा अधिक विश्वसनीय ठरते. मार्काने भोजनाला वल्हांडणाचे रूप दिले, कारण त्याच्या मंडळीत त्या भोजनाचा अर्थ तसाच लागलेला होता. हा निर्णय संभाव्यतेचा आहे; विरोध त्याने नाहीसा होत नाही, आणि होऊ नये.

ज्योतिर्गणिताकडून येथे वाजवीपेक्षा जास्त अपेक्षा केली जाते. पिलाताची कारकीर्द इ. स. २६ ते ३६. चौदावा निसान शुक्रवारी धरला तर ७ एप्रिल ३० व ३ एप्रिल ३३ हे दोन दिवस विशेष जुळतात. हम्फ्रीज व वॉडिंग्टन यांनी १९८३ साली दुसऱ्या दिवशीच्या चंद्रग्रहणाचा आधार घेऊन ३३ साल पुढे केले. न्यूटनने त्यापूर्वीच ३४ साल निवडले होते. परंतु गणित उत्तर देते ते तिथी आधीच गृहीत धरल्यावर. तो महिना प्रत्यक्ष चंद्रकोर दिसल्यावर सुरू होई आणि अधिक महिना सातूच्या पिकाची पक्वता पाहून घेतला जाई, हे ध्यानात ठेवले तर आकड्यांच्या काटेकोरपणाचा मोह आवरावा लागतो.

चौदावी तिथी पाळावयाची की रविवार, यावरून दुसऱ्या शतकात आशियातील मंडळ्या व रोम यांत तेढ पडली. पॉलिकार्प व अनिकेतस यांचे त्यावर एकमत झाले नाही, तरी ते स्नेहाने वेगळे झाले, पुढे इ. स. १९०च्या सुमारास रोमच्या व्हिक्टरने बहिष्काराचे शस्त्र उचलले. पुनरुत्थानाची घटका तर कोणत्याच शुभवर्तमानात सांगितलेली नाही. तिसऱ्या शतकात बासिलिदेस नावाच्या बिशपाने आलेक्झांद्रियाच्या दिओनिसियसला, उपास नेमक्या कोणत्या घटकेला सोडावा, असे विचारले. रोममधील लोक कोंबडा आरवेपर्यंत थांबतात, इतरत्र त्याआधीच सोडतात, अशी तक्रार होती. दिओनिसियसने चारही कथने शेजारी ठेवून पाहिली, आणि कळविले की, सुवार्तिकांनी नेमकी घटका दिलेली नाही, मात्र आलेल्यांना तो आधीच उठलेला आढळला याविषयी त्यांचे एकमत आहे. जे चौथ्या प्रहरापर्यंत थांबतात त्यांची त्याने वाखाणणी केली. ज्यांच्याने तेवढे निभत नाही त्यांना फार दोष देऊ नये, असे लिहिले.