चहादाणी कोणाची?

लंडनच्या 'पंच' साप्ताहिकाने आपल्या १८४५ च्या पंचांगात लग्न करू इच्छिणाऱ्यांना एकाच शब्दात सल्ला दिला होता : नको! इंग्रज वाचक त्यावर पुढे कित्येक वर्षे हसत राहिला. मला मात्र त्या विनोदाच्या जन्मकथेतच अधिक गंमत वाटते. १८९५ साली 'पंच'चा इतिहास लिहिणारा स्पीलमन सांगतो, की त्याचा मथळा घरसामान विकणाऱ्या एका पेढीच्या जाहिरातीवरून उचललेला होता. म्हणजे लग्न म्हटले की आधी खुर्च्या-टेबले आठवायची, हा त्या मध्यमवर्गाचा स्वभाव विनोदाच्या मुळाशीच होता म्हणायचा!

जॉर्ज ड्यू मॉरिएचे १८८० सालचे गाजलेले व्यंगचित्र याच जातीचे. सौंदर्याचे वेड लागलेले एक नवपरिणीत जोडपे आणि एक चिनी चहादाणी. नवरदेव तिची परिपूर्णता पाहून विरघळला आहे. आणि वधू गहिवरून त्याला म्हणते आहे, की आपण हिला शोभेल असे जगू या! ऑस्कर वाइल्डने ऑक्सफर्डात आपल्या निळ्या चिनी भांड्यांविषयी असेच काही उद्गार काढल्याची वदंता होती. टोला तिकडेच आहे. चित्र मोठे झकास! ड्यू मॉरिए माणसांना विद्रूप करीत नाही. देखण्या, उंचनिंच माणसांच्याच तोंडी तो खुळचट वाक्य घालतो, आणि तेवढ्याने काम भागते.

तरीही हे चित्र मला अपुरे वाटते. वाचकांनी ती चहादाणी आहेरात आली असे क्षणभर धरावे. मग ती कोणाची? वेगळा लेख करून ठेवण्याइतके माहेर सधन नसेल, तर लग्नानंतर बायकोची चीजवस्तू नवऱ्याची, असा इंग्रजी कायदा होता. १८७० च्या सुधारणेने तिची स्वतःची कमाई तिला मिळाली. आहेरातली भांडी नव्हेत. आपल्या शास्त्रकारांनी निदान 'स्त्रीधन' असे नाव तरी देऊन ठेवले होते. (ते प्रत्यक्षात कोणाच्या पेटीत राही, तो भाग निराळा.)

म्हणून खरा विनोद वधूच्या त्या 'आपण'मध्ये आहे, आणि तो चित्रकाराच्या ध्यानीही आलेला दिसत नाही. त्याची तीक्ष्ण नजर दिवाणखान्यातल्या रसिकतेवर खिळलेली. वस्तूच्या मालकीपर्यंत ती जात नाही. विवाहित स्त्रीच्या मालमत्तेचा मोठा कायदा १८८२ साली झाला आणि १८८३ च्या जानेवारीपासून लागू झाला. पण आधी लग्न झालेल्या स्त्रियांना तो त्यानंतर मिळालेल्या वस्तूंपुरताच. चहादाणी नवरदेवाचीच राहिली.