लातूरची गंजगोलाई : एक वास्तुविचार

शहरातील मध्यवर्ती व्यापारी वास्तूचा मोठेपणा तिच्या मजल्यांवरून ठरविण्याची सवय आता सर्वत्र रूढ झाली आहे. मुंबईस नरीमन पॉईंट येथे १९७४ मध्ये उभी राहिलेली एअर इंडियाची २३ मजली इमारत हा त्या दृष्टीचा ठळक नमुना होय. या मापाने लातूरच्या गंजगोलाईची दखलही घेतली जाणार नाही. कारण १९१७ सालची तिची मुख्य वास्तू अवघी दुमजली आहे. तथापि नगराला मध्य देण्याचे जे कार्य तेथे उंचीने साधले, ते येथे आराखड्याने साधले आहे.

नगररचनाकार फैयाजुद्दीन यांच्या या आराखड्यात वर्तुळाकार वास्तूस १६ रस्ते येऊन मिळतात. समान विभागणी मानल्यास दोन रस्त्यांमधील कोन साडेबावीस अंशांचा होतो. साहजिकच मधल्या जागा गोलाईकडे निमुळत्या व मागे रुंद होत जातात. दर्शनी भागी दुकान, पाठीमागे वखार, या पेठेच्या जुन्या गरजेस ही आकृती अनुकूलच म्हणावयास हवी. बार्शी लाईट रेल्वे लातुरास १९११ मध्ये पोहोचली आणि सहाच वर्षांत ही वास्तू झाली, हा कालक्रमही लक्षात घेण्याजोगा आहे. सराफीपासून पादत्राणांपर्यंत, मिरचीपासून गुळापर्यंतचा व्यापार या रस्त्यांवर वसला.

वर्तुळाकार पेठ म्हटली की दिल्लीच्या कनॉट प्लेसची आठवण होते. पण त्याचे बांधकाम १९२९ मध्ये सुरू झाले. तेव्हा अनुकरणाचा आरोप येथे संभवतच नाही. शिवाय तेथील मध्य मोकळे उद्यान आहे. गोलाईचा मध्य इमारतीने व तीमधील अंबाबाईच्या मंदिराने भरलेला आहे.

दोष नाही असे नव्हे. बैलगाडीच्या काळी जी रचना माणसे एकत्र आणीत होती, तीच मोटारींच्या काळात त्यांना कोंडते. यावर भोवती बहुमजली संकुले हा उपाय कोणास सुचेल. किल्लारीच्या ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर उंचीविषयी भय वाटणे समजण्याजोगे असले, तरी त्या वेळी कोसळली ती मुख्यतः दगडमातीची बुटकी घरे. म्हणून येथील आक्षेप भयाचा नाही, प्रमाणबद्धतेचा आहे. दुमजली वास्तू सोळा रस्त्यांवर अधिकार गाजविते ती शेजार ठेंगणा आहे तोवरच.