पूरक आहाराचा ‘स्वीकार’ : एका संज्ञेची चिकित्सा

कुपोषित बालकांच्या पूरक आहाराविषयीच्या लेखनात ‘स्वीकार’ ही संज्ञा वारंवार योजिली जाते. परंतु हा स्वीकार कोणाचा व कशाचा, याचा उलगडा क्वचितच केलेला आढळतो. चाचणीच्या दिवशी मुलाने चार घास खाल्ले व आईने पदार्थ बरा असल्याचे सांगितले, की तो स्वीकारार्ह ठरतो. पुढे घरोघरी पाकिटे तशीच पडून राहिली, तर दोष आईच्या अज्ञानास दिला जातो.

वस्तुतः या आहाराचे घटक आईस परके नाहीत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने सिद्ध केलेल्या मिश्रणात भाजलेले गहू, हरभऱ्याची डाळ, शेंगदाणे व गूळ असतात. छत्रपती संभाजीनगरच्या शहागंज पेठेत हे सर्व जिन्नस मिळतात, आणि सातूचे पीठ मराठी घरास पूर्वापार ठाऊक आहे. तेव्हा नकार धान्यास नसून त्याच्या बदललेल्या चवीस व वासास असू शकतो, हे प्रथम तपासावयास हवे.

दुसरा दोष अधिक गंभीर होय. सात किलो वजनाच्या मुलाच्या जठरात एका वेळी सुमारे 200 ग्रॅम अन्न मावते. पीठ पातळ कालविले तर मूल ते सहज गिळते. परंतु ग्रॅममागे 0.4 उष्मांक असलेल्या पेजेतून त्यास 80 उष्मांकच लाभतात, तर दुप्पट घट्ट खिरीतून 160. अर्थात स्वीकार वाढला असता पोषण घटू शकते. अन्नसुरक्षा कायद्याखाली ठरविलेले उष्मांकांचे परिमाण पाकिटावर पूर्ण होते, मुलाच्या वाटीत नव्हे.

कोविडच्या साथीत, 2020 साली, महाराष्ट्रात तयार पिठाऐवजी गहू, डाळ, हरभरा असा कोरडा शिधा घरपोच देण्यात आला. धान्य ओळखीचे असल्याने चवीचा प्रश्न मिटला. तथापि ते घरच्या सामाईक भांड्यात गेले की लहानग्याचा वाटा निराळा उरत नाही. पाकिटात मुलाचा वाटा राखला जातो पण चव हरवते. शिध्यात चव राहते पण वाटा हरवतो. ‘स्वीकृत’ आणि ‘अस्वीकृत’ असे दोनच रकाने असलेल्या तक्त्यात हा पेच उमटतच नाही.

याच शहरातून 2005 साली राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशनचे कार्य सुरू झाले. महाराष्ट्रात दोन वर्षांखालील खुरटलेल्या मुलांचे प्रमाण 2005-06 मधील 39 टक्क्यांवरून 2012 मध्ये 23 टक्क्यांवर आले. या घटीचे श्रेय एकट्या पूरक आहारास देता येणार नाही. पण तेथे मोजमाप मुलाच्या उंचीचे झाले, वाटलेल्या पाकिटांचे नव्हे, हे लक्षणीय आहे. यास्तव स्वीकाराचा अभ्यास करणाऱ्याने चाचणीचा एक दिवस न पाहता अनेक आठवडे घरातील वाटी पाहावी : खीर किती घट्ट होती, कोणी भरविली आणि त्यातील किती भाग त्या मुलाच्याच पोटात गेला.