मावशी आणि वेट्रेस

‘वेटर’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पुरुष येतो. ‘वाढपी’ म्हटलं तरी पुरुषच. ‘वेट्रेस’ म्हटलं की मात्र हॉटेल दिसत नाही, बार दिसतो. आणि खानावळीत ताट वाढणारी बाई? ती ‘मावशी’. पगारावर जेवण वाढणाऱ्या बाईसाठी साधा, कामापुरता शब्द आपल्याकडे रुळलेलाच नाही. घरात वाढणं हे बाईचं काम. त्याचे पैसे मिळू लागले की ते पुरुषाचं होतं.

मी पेणचा. पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड, रोहा या पट्ट्यात ‘घरगुती जेवण’ अशा पाट्या जागोजागी आहेत. बहुतेक ठिकाणी तांदळाची भाकरी थापणारी बाई आत असते आणि ताट आणणारा पोरगा बाहेर. छोट्या खानावळीत दोन्ही कामं तिचीच. ‘घरगुती’ या शब्दात चवीची हमी आहे, तशी आणखी एक सोयही आहे: हे काम नाही, माया आहे, असं गिऱ्हाइकाला वाटत राहतं.

आपल्या लोकप्रिय गाण्यांनीही ही सोय जपली. अण्णा भाऊ साठे यांची ‘माझी मैना’ ही छक्कड मुंबईत आलेल्या कामगाराचा विरह गाते. बायको गावी राहिलेली आहे. विरह खरा, छक्कड थोर; पण त्या कामगाराला दोन वेळा जेवू कोण घालत होतं? गिरणगावातल्या खानावळवाल्या. उधारीवर किराणा आणायचा आणि कामगाराचा पगार झाला की पैसे घ्यायचे, असा त्यांचा धंदा. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केलं आणि सावकाराऐवजी बँकेच्या कर्जाची वाट या बायकांना खुली झाली. म्हणजे बँकेला त्या कष्टकरी म्हणून दिसल्या, गाण्याला मात्र फारशा दिसल्या नाहीत.

दुसरं टोक बारचं. मधुर भांडारकरच्या ‘चांदनी बार’मध्ये (२००१) तब्बूची मुमताज बारमध्ये नाचते आणि पुढे, वय सरल्यावर, तिथेच वेट्रेस होते. सिनेमाला तिच्याबद्दल कळवळा आहे. तरीही ट्रे तिच्या हातात येतो तो उताराची एक पायरी म्हणून. २००५ साली राज्य सरकारने डान्सबारवर बंदी आणली, तेव्हा तीन तारांकित आणि त्यावरच्या हॉटेलांना तिच्यातून वगळलं होतं. उच्च न्यायालयाने २००६ मध्ये बंदी रद्द केली आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. कायदा नाचाबद्दल होता. पण तारे वाढले की तेच काम सभ्य होतं, ही त्याच्या पोटातली समजूत ट्रे उचलणाऱ्या बाईलाही चिकटलेली आहे.

माझ्या ओळखीतल्या एका बाई धाटावच्या कंपन्यांमधल्या कामगारांना डबे पुरवतात. त्यांच्या मुलीने महामार्गावरच्या एका हॉटेलात टेबलांवर ऑर्डर घ्यायचं काम धरलं. घरच्यांनी नातेवाइकांना सांगितलं, ‘हॉटेलात अकाउंट्स बघते.’ आई तेच अन्न तशाच अनोळखी पुरुषांना पुरवते, त्यात कुणाला लाज नाही. फरक एवढाच की डबा घरातून निघतो आणि मुलगी घरातून निघते.

पाश्चात्त्य कलेत ही बाई निदान समोर उभी आहे. एदुआर मानेच्या १८८२ मधल्या ‘फोली-बर्जेरमधला बार’ या चित्रासाठी तिथेच काम करणारी सुझाँ नावाची मुलगी मॉडेल म्हणून उभी राहिली होती. चित्र बघणारा नेमका गिऱ्हाइकाच्या जागी येतो. तिच्या थकलेल्या नजरेला आपल्यालाच तोंड द्यावं लागतं. १९८१ मध्ये ‘द ह्यूमन लीग’ या ब्रिटिश बँडचं ‘डोन्ट यू वॉन्ट मी’ गाजलं. पहिल्या कडव्यात पुरुष म्हणतो, तू बारमध्ये वेट्रेस होतीस, तुला मी घडवलं. दुसरं कडवं तिचं. वेट्रेस होते हे ती नाकारत नाही. तू नसतास तरी मी पुढे गेलेच असते, एवढंच सांगते. पण इथेही ते काम मागे टाकण्याचंच आहे. टिकून, नीट पगार घेऊन, साठीपर्यंत वेट्रेस राहिलेल्या बाईचं गाणं तिथेही सहज सापडत नाही.

तरी तिला दुसरं कडवं मिळालं, हे मला मोठं वाटतं. आपल्याकडे वेट्रेसची कीव होते आणि मावशीचं कौतुक. दोघींपैकी कुणालाही, तुझा पगार किती, ड्यूटी किती तासांची, असं विचारलं जात नाही. वेट्रेस शब्दाचा अपमान उघड दिसतो. मावशी शब्दाचा दिसत नाही, म्हणून तो जास्त महाग पडतो. पोऱ्याला आपण दहा-वीस रुपये टीप ठेवतो. मावशीला ठेवत नाही. नात्यातल्या बाईला कोणी टीप देतं का?