सिम्बियनचा रिअल टाइम गाभा : एक चिकित्सा

रिअल टाइम ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे अतिवेगवान सिस्टीम, असा समज रूढ आहे. वस्तुतः त्या संज्ञेत वेगापेक्षा मुदतीच्या हमीला महत्त्व आहे. जीएसएम दूरध्वनीत ४.६१५ मिलिसेकंदांच्या चौकटीत आठ कालखंड असतात. प्रत्येकाची लांबी सुमारे ५७७ मायक्रोसेकंद. आपल्या वाट्याचा कालखंड हुकला की पुढील चौकटीपर्यंत थांबणे आले.

सायऑनच्या ईपॉकपासून विकसित झालेल्या सिम्बियनचा पहिला गाभा ही हमी देण्यास असमर्थ होता. त्यामुळे रेडिओसाठी वेगळा प्रोसेसर व वेगळी सिस्टीम ठेवावी लागे. ईकेए२ या नव्या गाभ्याने ही अडचण दूर केली. त्याच्या तळाशी नॅनोकर्नेल असून त्यात ० ते ६३ अशा प्राधान्य-पातळ्या आहेत. अन्य सिस्टीमसाठी लिहिलेला जुना जीएसएम प्रोग्रॅम फारसे बदल न करता चालावा म्हणून त्यावर 'पर्सनॅलिटी लेयर'ची सोय आहे. एकाच प्रोसेसरवर दूरध्वनी आणि अनुप्रयोग दोन्ही चालवून खर्च वाचवावा, हा त्यामागील व्यावहारिक हेतू. जेन सेल्स यांच्या 'सिम्बियन ओएस इंटर्नल्स' (२००५) या ग्रंथात ही रचना तपशिलाने मांडली आहे. ती घडविणाऱ्या अभियंत्यांचाच लेखनात सहभाग असल्याने ग्रंथाला अधिकार प्राप्त झाला आहे. अलिप्तता मात्र त्यात शोधू नये.

प्रस्तुत लेखकाचा आक्षेप गाभ्याविषयी नाही. तो या हमीच्या व्याप्तीविषयी आहे. वरच्या थरात अनुप्रयोग 'ॲक्टिव्ह ऑब्जेक्ट' पद्धतीने लिहिले जात. एका थ्रेडमधील एक ऑब्जेक्ट आपले काम संपवीपर्यंत त्याच थ्रेडमधील इतरांना ताटकळावे लागे. प्राधान्य कितीही असो. स्मृती वाचविण्यास ही पद्धत उत्तम, परंतु कळ दाबल्यावर पडदा केव्हा हलेल याची शाश्वती ती देत नाही. परिणामी जालाला मायक्रोसेकंदांची हमी मिळाली आणि फोन हाती धरणाऱ्याला कसलीच नाही. डिस्क्रिप्टर, क्लीनअप स्टॅक, द्विस्तरीय रचना यांचे ओझे प्रोग्रॅमरवर होते ते वेगळेच.

पुढे प्रोसेसर स्वस्त झाले आणि काटकसरीचा मूळ युक्तिवादच दुबळा झाला. फेब्रुवारी २०११ मध्ये नोकियाने विंडोज फोनची निवड केली. आजच्या अँड्रॉइड फोनमध्ये रेडिओचे काम स्वतंत्र प्रोसेसरवर, त्याच्या स्वतःच्या रिअल टाइम सिस्टीमखाली चालते आणि अनुप्रयोग लिनक्सवर. ईकेए२ने जी भिंत पाडली, तीच पुन्हा उभी राहिली आहे.