वंशावळीचा वाचक : बंगळूर ते तंजावर भोसले कुलवृत्तांताची तीन रूपे

भोसले घराण्याच्या मूळपुरुषाविषयी मराठीत शतकभर जी चर्चा झाली, तिचा प्रश्न जवळजवळ नेहमी एकच राहिला आहे : हे घराणे मेवाडच्या सिसोदियांचे, की दक्षिणेतलेच? उत्तरे बदलली, पुरावे वाढले, प्रश्नाची घडण मात्र तशीच राहिली. त्यामुळे ज्या ग्रंथांतून व लेखांतून ही वंशावळ सांगितली गेली, ती केवळ साक्षीदार म्हणून उभी केली गेली. साक्ष खरी की खोटी एवढेच पाहिले गेले. ती कोणासमोर दिली, कोणत्या भाषेत दिली आणि तिचा आकार तसाच का झाला, याकडे लक्ष फारसे गेले नाही. वंशावळ हा एक वाङ्मयप्रकार आहे आणि प्रत्येक वाङ्मयप्रकाराप्रमाणे तिलाही एक अभिप्रेत वाचक असतो, हे मान्य केल्यास याच सामग्रीतून निराळे काही हाती लागते. या घराण्याची वंशावळ तीन ठिकाणी, तीन वेगळ्या वाचकांसाठी रचली गेली. त्यांतले पहिले ठिकाण बंगळूर होय.

१६३८ च्या सुमारास रणदुल्लाखानाच्या नेतृत्वाखालील विजापुरी फौजेने केंपेगौडांच्या वंशजांकडून बंगळूर घेतले आणि मोहिमेत सामील असलेल्या शहाजीराजांकडे ते जहागीर म्हणून आले. १६६४ मध्ये होदिगेरे येथे शिकारीत घोड्यावरून पडून त्यांचा अंत झाला, तोवर या घराण्याचे एक केंद्र येथेच होते. जयराम पिंड्ये हा कवी येथील दरबारात आला. आपण बारा भाषांत रचना करू शकतो हे सुचवण्यासाठी त्याने राजासमोर बारा नारळ ठेवले, ही हकीकत सुपरिचित आहे. त्याच्या 'राधामाधवविलासचंपू'च्या पूर्वभागात राधाकृष्णाच्या शृंगाराची संस्कृत कथा आहे, पुढे शहाजीराजांच्या दरबाराचे वर्णन येते आणि अखेरीस नाना भाषांतील कवींच्या रचनांची जणू प्रदर्शनीच मांडलेली आहे.

सिसोदिया-वादात नेहमी पुढे केला जाणारा मराठी श्लोक याच चंपूतला आहे. वृत्त भुजंगप्रयात. पृथ्वीवरच्या राजांमध्ये राणा श्रेष्ठ, त्याच्या कुळात दलीप जन्मला आणि त्याच कुळात मालोजी झाला, ज्याने शंभूला पाण्याने परिपूर्ण केले, असा त्याचा आशय. वादात सहसा श्लोकाचा पहिला अर्धाच वापरला जातो. दुसरा अर्धा अधिक बोलका आहे. शिखर शिंगणापूरच्या शंभुमहादेवाच्या डोंगरावर मालोजीराजांनी बांधवलेल्या तलावाचा हा उल्लेख आहे. पाण्याचे दुर्भिक्ष असलेल्या डोंगरावर यात्रेकरूंची सोय करणारे हे काम श्रोत्यांच्या आजोबा-पणजोबांच्या स्मरणातले होते. राणा दूरचा, दलीप केवळ नावापुरता, मालोजी मात्र कृतीसह येतो. जसजशी पिढी जवळ येते, तसतसा श्लोक ठोस होत जातो. बंगळूरच्या दरबारातील श्रोत्यांना दलीप कोण याची चौकशी करण्याचे कारण नव्हते. शहाजीराजे विजापूरचे सरदार होते, त्यांना राज्याभिषेक करून घ्यायचा नव्हता की गादीवर हक्क सांगायचा नव्हता. चार ओळींत तीन नावे एवढ्यावर भागले ते यामुळे. येथे वंश हा स्तुतीचा एक अलंकार आहे आणि तो अनेक भाषांच्या गर्दीत, मराठीच्या वाट्याला आलेल्या जागेत बसतो. राणा हे नाव सर्व भाषिकांना कळणारे होते, हेही त्याच्या निवडीचे एक कारण असणे संभवते.

याच काळातील दुसरा पुरावा दगडावरचा आहे आणि तोही बंगळुरातलाच. मल्लेश्वरम येथील काडु मल्लेश्वर देवस्थानाला मेदरनिंगनहळ्ळी हे गाव दिल्याचा १६६९ चा एकोजीराजांचा कन्नड लेख 'एपिग्राफिया कर्नाटिका'च्या नवव्या खंडात समाविष्ट आहे. तो दानलेख आहे. देणारा कोण, गाव कोणते, देव कोणता, हे सांगणे त्याला पुरते. ज्याच्या हाती गाव देण्याची सत्ता आहे त्याला वीस पिढ्या मोजाव्या लागत नाहीत. शिवाय एकोजीराजे येथे मराठी वाचकाला उद्देशून बोलतच नाहीत. ज्यांनी हे दान पाळायचे, त्यांच्या भाषेत ते बोलतात.

वंशावळीचे दुसरे रूप कवींद्र परमानंदांच्या 'शिवभारता'त दिसते. हे संस्कृत काव्य काशीतील पंडितांच्या विनंतीवरून सांगितल्याची चौकट कवीने घातली आहे आणि ती चौकटच येथे कळीची ठरते. १६७४ च्या राज्याभिषेकाचे पौरोहित्य गागाभट्टांकडे होते, तेही काशीचेच. क्षत्रियत्वाचा निर्वाळा देऊ शकणारा वाचक त्या काळी काशीत होता. परमानंद त्याच्याशी बोलतात ते सूर्यवंशाच्या भाषेत. कथेचा प्रारंभ 'मालवर्मा' या संस्कृत रूप दिलेल्या मालोजींपासून होतो. जयरामाच्या श्लोकातील तलाव बांधणारा मालोजी आणि परमानंदांचा मालवर्मा ही एकच व्यक्ती आहे, परंतु दोन्ही ठिकाणी तिचे काम निराळे आहे. पहिल्या ठिकाणी ती श्रोत्यांना आपला भूतकाळ आठवून देते, दुसऱ्या ठिकाणी भावी राजाच्या अधिकाराला पाया देते.

या दोन रूपांची तुलना अमेरिकेतील वसाहतकालीन घराण्यांच्या कुलशोधाशी करणे उद्बोधक ठरते, कारण तेथेही वंशावळीचा आकार तिच्या वाचकाने ठरवलेला दिसतो. बेंजामिन फ्रँकलिन १७५८ मध्ये आपल्या मुलासह नॉर्दॅम्प्टनशरमधील एक्टन या गावी गेले. तेथील चर्चची नोंदवही १५५५ पर्यंत मागे जात होती. तीतून आणि चुलत्याच्या टिपणांतून त्यांना जे सापडले ते सरदार-उमराव नव्हते. सुमारे तीस एकरांवर पिढ्यान्पिढ्या राहणारे, थोरल्या मुलाला लोहारकाम शिकवणारे ते एक कुटुंब होते. १७७१ मध्ये आत्मचरित्राला प्रारंभ करताना फ्रँकलिन यांनी हा वृत्तांत मुलाला उद्देशून लिहिला. हा मुलगा तेव्हा न्यू जर्सीचा राजनियुक्त गव्हर्नर होता. लोहाराचा वंश राजाच्या अधिकाऱ्याला सांगितला जातो आहे, यातला खोचकपणा नजरेआड होऊ नये.

पुढे बॉस्टन येथे १८४५ मध्ये न्यू इंग्लंडच्या वंशशोधकांची संस्था स्थापन झाली. शतकाच्या अखेरीस तेथील धनिक घराण्यांना युरोपीय पूर्वजांची ओढ लागली. गुस्टाव्ह आंजू या स्वीडिश वंशाच्या व्यावसायिकाने अशा ग्राहकांसाठी शेकडो वंशावळी रचल्या आणि त्यांत बनावट दुव्यांचा भरणा होता. ग्राहकाला काय वाचायला आवडेल हे आंजूला अचूक ठाऊक होते, हीच त्याची 'विद्या'. या वृत्तीला विरोध करत डोनाल्ड लाइन्स जेकोबस यांनी १९२२ मध्ये न्यू हेवनहून आपले नियतकालिक काढले. पुढे ते 'द अमेरिकन जीनिऑलजिस्ट' या नावाने चालले. मृत्युपत्रे, जमिनीची खते, चर्चच्या नोंदी यांवरून प्रत्येक पिढीचा दुवा स्वतंत्रपणे सिद्ध करायचा, घराण्याच्या आठवणीवर विसंबायचे नाही, हा त्यांचा दंडक होता.

योगायोग असा की वि. का. राजवाडे यांनी 'राधामाधवविलासचंपू' संपादून प्रसिद्ध केला तेही १९२२ मध्येच. त्याला जोडलेली त्यांची प्रदीर्घ प्रस्तावना मराठी इतिहासलेखनातील एक प्रचंड आणि तितकीच आग्रही रचना आहे. राजवाड्यांकडे कागद तपासण्याची जेकोबसइतकीच शिस्त होती, किंबहुना वतनपत्रे, महजर आणि निवाडे गोळा करण्यात त्यांच्याइतके कष्ट कोणी उपसले नाहीत. तथापि प्रस्तावनेत ते चंपूतील श्लोकाकडे वळतात तेव्हा कागदांची शिस्त मागे पडते आणि शहाजीराजांना राष्ट्रपुरुषाच्या मापात बसवण्याची ओढ पुढे येते. वास्तविक मराठी परंपरेत फ्रँकलिनच्या नोंदवहीला समांतर असे साधन आहेच. वतनाच्या तंट्यात दिला जाणारा करीना हे ते साधन. त्यात मूळपुरुष, त्याचे मुलगे, भाऊबंदांच्या तक्षिमा, कोण परागंदा झाला, कोणाचा नकल झाला, हे सारे रोखठोक येते, कारण विरुद्ध पक्ष समोर बसलेला असतो आणि गोतसभा ऐकत असते. ज्या वंशावळीला हरकत घेणारा श्रोता आहे, ती स्तुतिपाठकाच्या वंशावळीपेक्षा अधिक विश्वासार्ह असते. हा निकष राजवाड्यांच्याच संग्रहातून निघतो, पण भोसल्यांच्या बाबतीत त्यांनी तो लावला नाही.

तो लावल्यास बाबाजी, मालोजी, शहाजी आणि त्यानंतरच्या पिढ्या निर्विवाद ठरतात. बाबाजींच्या मागे एकेक दुवा स्वतंत्रपणे सिद्ध होत नाही. हीच कसोटी रा. चिं. ढेरे यांच्या प्रमेयालाही लावणे न्याय्य होय. 'शिखर शिंगणापूरचा श्रीशंभुमहादेव' (२००१) या ग्रंथात ढेरे यांनी भोसल्यांचे मूळ आजच्या गदग जिल्ह्यातील सोरटूर येथून आलेल्या बळियप्पा या होयसळ-संबंधित पुरुषाशी जोडले आणि 'भोसले' या नावातच 'होयसळ' ऐकला. मुळातून पाहता हे प्रमेय राजपूत-प्रमेयापेक्षा अधिक समंजस आहे. शिंगणापूरच्या दैवताचे कर्नाटकाशी असलेले नाते, तेथील यात्रेकरूंचा प्रदेश, मालोजींचा तलाव, या गोष्टी एकमेकींना धरून आहेत. परंतु बळियप्पापासून बाबाजीपर्यंतचे अंतर शतकांचे आहे आणि तेथे नामसाम्याखेरीज सलग साखळी नाही. ढेरे यांचे खरे योगदान पूर्वज शोधण्यात नसून भूगोल बदलण्यात आहे. जो प्रश्न मेवाडकडे तोंड करून विचारला जात होता, तो त्यांनी तुंगभद्रेकडे वळवला. सीमाप्रश्नाच्या सावलीत वाढलेल्या मराठी आणि कन्नड वाचकांना हे वळण सारखेच अडचणीचे वाटले, यात नवल नाही. दोन्हीकडच्या वाचकांना आपला पूर्वज आपल्याच भाषेत बोलणारा हवा असतो. जयरामाच्या श्रोत्यांना तशी गरज भासली नव्हती.

तिसरे रूप तंजावरचे. एकोजीराजांनी १६७० च्या दशकाच्या मध्यास तंजावर घेतले. १६८७ मध्ये बंगळूर मोगलांच्या हाती पडले व तेथून तीन लक्ष रुपयांना चिक्कदेवराज वोडेयरांकडे गेले. तंजावरची शाखा मात्र टिकली. १८०३ मध्ये सरफोजीराजांच्या आज्ञेवरून बृहदीश्वर मंदिराच्या प्राकारात 'भोसले वंशचरित्र' कोरले गेले. भारतातील अतिदीर्घ शिलालेखांत त्याची गणना होते. मालोजींपूर्वीच्या अनेक पिढ्यांसह तो घराण्याचा इतिहास मराठी गद्यात सांगतो. बंगळूरच्या चार ओळी येथे भिंतभर झाल्या आहेत.

या विस्ताराचे कारण सरफोजीराजांच्या परिस्थितीत शोधले पाहिजे. ते तुळजाजीराजांचे १७८७ मधील दत्तक पुत्र. तुळजाजींच्या निधनानंतर सावत्र बंधू अमरसिंह यांनी दत्तकाला आव्हान दिले. कंपनीने पंडितांचे अभिप्राय मागवले, प्रथम दत्तक अग्राह्य ठरले, पुढे ग्राह्य ठरले आणि १७९८ मध्ये सरफोजी गादीवर आले. लगोलग १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला. गादी मिळाली ती शास्त्रार्थाने, सत्ता गेली ती तहाने. अशा राजाने चार वर्षांत आपल्या वंशाची सर्वांत लांब वंशावळ दगडात कोरवून घेतली. रक्ताचा दुवा वादग्रस्त ठरलेला असताना लेखणीने जोडलेला दुवा किती पक्का असू शकतो, हेच जणू ती भिंत सांगते.

ज्या मंदिरात हा लेख आहे, तेथे पहिल्या राजराज चोळाचे अकराव्या शतकारंभीचे तमिळ लेखही आहेत. त्यांत प्रशस्ती आहे, पण मुख्य भर दानांवर आहे : मूर्ती, दागिने, दिव्यांचे तेल, चारशे देवदासींना नेमून दिलेली घरे. देण्यासाठी हाती पुष्कळ असलेल्या राजाचे ते लेख. सरफोजींच्या लेखात देण्यापेक्षा सांगणे अधिक. तो वाचणार कोण, हा प्रश्न तर अधिकच बिकट. देवळात येणाऱ्या बहुसंख्य तमिळ भाविकांना मराठी वाचता येत नव्हती. रेसिडेंटाला दगड वाचण्याची गरज नव्हती. ज्यांना वाचता येत होती ते दरबारी मराठी कुटुंबीय हा वृत्तांत आधीच जाणत होते. या लेखाचा अभिप्रेत वाचक बहुधा पुढच्या काळातला आहे. याच राजाने 'देवेंद्र कुरवंजी'त कुरवंजीच्या तोंडी पृथ्वीचा नवा भूगोल घातला, मिशनरी श्वार्ट्झ यांच्या हाताखाली इंग्रजी विद्या घेतली, सरस्वती महालाचा ग्रंथसंग्रह वाढवला. वंशचरित्र मात्र त्यांनी जुन्या घाटात कोरवले. नव्या विद्येने ज्ञान वाढत होते, हक्क सिद्ध होत नव्हता, याची त्यांना पुरेपूर जाण असावी.

तिन्ही रूपांत स्त्रिया जवळपास नाहीत, किंवा आहेत त्या माता म्हणून. आणि तरीही बंगळूरच्या बाबतीत परंपरा निराळेच सांगते. १६७७ नंतर दोघा सावत्र भावांत जो समेट झाला, त्यात बंगळूर व आसपासचा मुलूख एकोजीराजांच्या पत्नी दीपाबाई यांना चोळीबांगडीसाठी देण्यात आला, असे त्या समेटाच्या कलमांत येते. शहराला येथे स्त्रीधनाचे रूप मिळते. वंशावळीच्या कोणत्याही रूपात मात्र या हस्तांतराला जागा नाही, कारण वंशावळ पुरुषाकडून पुरुषाकडेच चालते.

१८५५ मध्ये सरफोजींचे पुत्र शिवाजीराजे यांचे पुरुष वारसाविना निधन झाले आणि कंपनीने तंजावर खालसा केले. राज्याबरोबर खाजगी मालमत्ताही ताब्यात घेतली गेली, तेव्हा राणी कामाक्षीबाई न्यायालयात गेल्या. मद्रासच्या सर्वोच्च न्यायालयात त्यांच्या बाजूने निकाल लागला. १८५९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने तो फिरवला. जप्ती हे सार्वभौम सत्तेचे राजकीय कृत्य होय, त्यामुळे देशांतर्गत न्यायालयांना ते तपासण्याचा अधिकार नाही, असा निर्णय झाला. कोणाचा वंश कोठून आला, दत्तक शास्त्रोक्त होते की नव्हते, हे मुद्दे निकालाच्या दृष्टीने अप्रस्तुत ठरले. बृहदीश्वराच्या प्राकारातील लेख तेव्हा छप्पन्न वर्षांचा होता.